आईच्या ओळीसाठी सोडलेली जागा

आईला अल्झायमर आहे हे नात्यागोत्यात कळल्यापासून माझ्या मोबाईलवर रागांच्या याद्या येतात. अमुक राग सकाळी ऐकवला की स्मरणशक्ती वाढते, तमुक रागानं झोप लागते. एका यादीत तर रक्तदाब, साखर आणि विसर पडणं या तिन्हींवर एकच राग दिला होता. पाठवणाऱ्यांची माया मला कळते. पण माझी आई माणदेशातल्या एका वाडीत वाढली, शाळेत चौथीपर्यंत गेली आणि लग्न होऊन तासगावला आली. तिच्या कानावर शास्त्रीय गाणं पडलंच असेल तर माझ्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात, कुणाचा तरी सेट तपासताना, दोन-चार मिनिटं. ते तिच्या आत मुरलेलं नाही. आणि जे आत मुरलेलं नाही, ते या आजारात हाताशी येत नाही. एवढं मी गेल्या काही वर्षांत डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून लिहितोय.

मी डॉक्टर नाही. संगीतोपचाराचं रीतसर शिक्षणही माझ्याकडं नाही. तो मोठा अभ्यासाचा विषय आहे, अमेरिकेत मिशिगनमध्ये १९४४मध्येच त्याचा पदवीचा अभ्यासक्रम सुरू झाला. माझं आयुष्य तासगावात रेडिओ आणि टेप दुरुस्त करण्यात गेलं. आता दुकानाच्या पुढच्या भागात मुलगा मोबाईल दुरुस्तीचं बघतो, मागं माझं जुनं टेबल आहे. कॅसेटचे डेक, स्पिरिटची बाटली, कापूस, डाग द्यायची इस्त्री. आवाज कुठून येतो, कुठं अडतो, कुणाच्या कानाला काय पोचतं, हे कळणं हाच माझा धंदा होता. आईच्या आजारपणात मला त्याचाच आधार झाला.

आजार कसा कळला ते थोडक्यात सांगतो. आई रोज दुपारी दुकानात चहा घेऊन यायची. एकदा चहा ठेवला, माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "दादा, हितं माझा लेक बसतोय, तो कुठं गेला?" मग सांगलीला नेलं. बी-१२, थायरॉईड, एमआरआय, आणि आज वार कोणता, शंभरातून सात वजा करत चला अशा प्रश्नांची तपासणी. बी-१२ची कमतरता किंवा थायरॉईड असेल तर विसरणं बरंही होऊ शकतं, म्हणून ते आधी बघतात. आईचं तसं निघालं नाही. गोळ्यांनी थोडाफार फरक पडेल, आजार थांबणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. खोटी आशा दाखवली नाही याबद्दल मी त्यांचे उपकार मानतो. अल्झायमर हा डिमेन्शियाचा, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा, एक प्रकार. भारतात साठीच्या पुढच्या जवळपास ८८ लाख लोकांना डिमेन्शिया असावा, असा २०२३मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. म्हणजे प्रत्येक पेठेत, प्रत्येक वाडीत कुणीतरी असणारच. आपल्याकडं त्याला म्हातारपण म्हणतात आणि दार लावून घेतात.

पहिली दोन वर्षं बरी गेली. खरी परीक्षा सुरू झाली आंघोळीवरून.

आंघोळ हा आमच्या घरातला रोजचा लढा झाला. अंगावर पाणी पडलं की आई किंचाळायची, तांब्या हिसकावून घ्यायची, माझ्या बायकोचे हात ओरबाडायची. तिला वाटायचं, कुणीतरी परकी बाई आपले कपडे काढतेय. तिच्या जागी कुणीही असतं तर तेच केलं असतं. माझी बायको तिला आत्या म्हणते, पस्तीस वर्षं म्हणत आली. "आत्या, मी हाय की," असं ती शंभरदा सांगायची. पण सांगून उपयोग नव्हता, कारण सांगितलेलं पोचतच नव्हतं.

शेवटी मदतीला एक मावशी लावल्या. सावळजच्या बाजूच्या आहेत, वय साठीच्या आसपास. त्यांचं नाव लिहीत नाही, त्यांनीच नको म्हटलंय. पहिल्या आठवड्यात त्यांनीही मार खाल्ला. मग एका सकाळी मी बाहेर दाढी करत होतो आणि न्हाणीतून ओवी ऐकू आली. मावशी पाणी विसणत होत्या आणि आपल्याच नादात जात्यावरची ओवी म्हणत होत्या. त्यांची एक ओळ झाली, त्या श्वास घ्यायला थांबल्या, आणि दुसरी ओळ आईनं म्हटली.

मी तसाच उभा राहिलो. ती ओळ आईनं चाचपडत म्हटली नव्हती. सूर खालचा, आवाज थोडा घोगरा, पण ओळ अख्खी. एरवी 'पाणी' हा शब्द तिला सापडत नव्हता, 'ते... ते वतायचं' म्हणायची. आणि इथं एका दमात सहा-सात शब्द. मावशींनी लगेच पुढची ओवी घेतली. आईनं पुन्हा जोड दिली. त्या दिवशी आंघोळ झाली आणि कुणाच्याही हातावर ओरखडा नव्हता.

नंतर मी मावशींना विचारलं, तुम्ही हे मुद्दाम केलंत का? त्या म्हणाल्या, "न्हाई वो दादा. सकाळचं काम म्हटलं की तोंडात येतंच. आमी दोघी जावा अशाच दळायचो, एकीनं द्यायची, दुसरीनं घ्यायची."

एकीनं द्यायची, दुसरीनं घ्यायची. या दोन वाक्यांत जे आहे ते मला पुढं सगळीकडं पुन्हा पुन्हा दिसलं.

जात्यावर दोघी समोरासमोर बसतात. एक खुंटा, दोघींचे हात. ओवी कुणी कुणाला शिकवत नाही. पहाटेच्या अंधारात, मांडीवर पोर झोपलेलं, हात गोल फिरतोय, आणि आईच्या, आजीच्या, थोरल्या जावेच्या तोंडून ऐकत ती अंगात जाते. आईच्या माहेरी पिठाची चक्की यायच्या आधीची ही गोष्ट. म्हणजे सात-आठ वर्षांची पोर असल्यापासून लग्न होईपर्यंत, आणि सासरी आल्यावरही काही वर्षं, रोज पहाटे तिनं हे केलंय. माणसाला दहाव्या ते तिसाव्या वर्षाच्या दरम्यानचं आयुष्य जास्त घट्ट आठवतं आणि गाण्यांचंही तसंच असतं, असं स्मरणशक्तीचा अभ्यास करणारे सांगतात. आई १९४१च्या आसपासची. तिचा हा काळ म्हणजे १९५० ते १९७०. आता नातेवाईक म्हणतात, मग त्या काळातली सिनेमाची गाणी लाव. विविध भारती १९५७ची, सांगली आकाशवाणी १९६३ची, हे खरं. पण आईच्या घरात रेडिओ कुठं होता? रेडिओला तेव्हा पोस्टातून लायसन काढावं लागायचं. वडील मार्केट यार्डात बेदाण्याच्या अडतीवर कामाला होते. त्यांनी पहिला ट्रान्झिस्टर घेतला तेव्हा मी शाळेत जात होतो. ज्यांच्या घरी रेडिओ होता त्यांची सोनेरी गाणी वेगळी, आणि जिच्या हातात खुंटा होता तिची वेगळी. तयार याद्या करणाऱ्यांना ही दुसरी बाई बहुतेक दिसतच नाही.

माझी पुतणी पुण्यात नर्सिंग शिकलीय. तिला हे सांगितलं तेव्हा तिनं मला एका स्वीडिश अभ्यासाबद्दल वाचून दाखवलं. तिकडं एवा योटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डिमेन्शियाच्या रुग्णांची सकाळची आवराआवर बघितली. एकदा नेहमीसारखी बोलत, एकदा मागं गाणी लावून, आणि एकदा काळजी घेणारी बाई स्वतः जुनी ओळखीची गाणी गात. गात केलं तेव्हा सूचना फारशा द्याव्याच लागल्या नाहीत, माणसं स्वतःहून हात वर करायची, ताठ बसायची, विरोध कमी व्हायचा. मावशींना मी हे मराठीत समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मंग बराबर हाय की."

पुतणीनंच आणखी एक सांगितलं. जर्मनीतल्या लायपझिगच्या माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांचा एक अभ्यास २०१५मध्ये 'ब्रेन' या नियतकालिकात आला. आधी त्यांनी धडधाकट तरुणांना फार दिवसांपासून ओळखीची असलेली गाणी ऐकवली आणि त्या वेळी मेंदूचा कोणता भाग कामाला लागतो ते पाहिलं. मग अल्झायमर झालेल्या लोकांच्या मेंदूच्या छायाचित्रांत तोच भाग तपासला. इतर ठिकाणच्या मानानं तो भाग कमी झिजलेला होता. या अभ्यासात रुग्णांना गाणी ऐकवली नव्हती, फक्त छायाचित्रं ताडून पाहिली होती, त्यामुळं त्यातून सगळं सिद्ध झालं असं म्हणता येत नाही. पण मला त्यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. तो भाग हालचालींची तयारी करणाऱ्या भागाला लागून, बराचसा त्यातच आहे. आई ओवी म्हणते तेव्हा तिचा उजवा हात मांडीवर गोल फिरतो. नुसतं बसून म्हण म्हटलं तर अडखळते. हातात काही दिलं, सुपात मूठभर गहू दिले तरी, ओळ येते.

आता माझ्या धंद्याचा भाग. मावशींची आठवड्याची सुट्टी असते. त्या दिवशी आंघोळीचं पुन्हा तेच व्हायचं. मी त्यांची परवानगी घेऊन ओव्या मोबाईलवर रेकॉर्ड केल्या. स्वच्छ आवाज, मागं भांड्यांचा खणखणाट नाही. सुट्टीच्या दिवशी बायकोनं पाणी घेतलं, मी बाहेर स्पीकर लावला. आई ऐकत राहिली. मान हलली, पण तोंड उघडलं नाही, आणि पाणी अंगावर पडताच पुन्हा आरडाओरडा. आवाज तोच, ओव्या त्याच. मी दोन दिवस विचार करत होतो. मग लक्षात आलं की मावशी पहिली ओळ म्हणून आईकडं बघत थांबतात. स्पीकर थांबत नाही.

मग मी टेबलावर बसलो. पूर्वी टेप ब्लेडनं कापून चिकटपट्टीनं जोडायचो, आता कॉम्प्युटरवर होतं. प्रत्येक ओवीतली मावशींची दुसरी ओळ काढून टाकली आणि तिथं रिकामी जागा सोडली. किती सोडायची? आईचा एक श्वास, एक ओळ आणि थोडी उसंत. ते मोजायला मी न्हाणीच्या दाराबाहेर घड्याळ घेऊन बसलो होतो. जागा कमी पडली की तिची ओळ तुटायची आणि ती गोंधळायची. जास्त झाली की ती आपण कशात होतो तेच विसरायची. बरोबर बसल्यावर पुढच्या सुट्टीला आईनं स्पीकरमधल्या मावशींना ओळ दिली. बायको आतून मोठ्यानं म्हणाली, "अहो, म्हणत्यात!"

तरी सांगतो, ही रेकॉर्डिंगची सोय सुट्टीच्या दिवसापुरती. माणूस समोर असताना आई जेवढी खुलते तेवढी स्पीकरपुढं कधीच खुलली नाही. आता बायकोनंच मावशींकडून पुष्कळ ओव्या घेतल्यात. तिच्या पिढीत कुणी जात्यावर दळलं नाही, ती मुळची मिरजेची. पण बसून शिकली. ओवीत भावाचं नाव घालायची जागा असते, लेकाचं घालायची असते. आई तिथं तिच्या थोरल्या भावाचं नाव घालते. तो मामा जाऊन वीस वर्षं झाली. आम्ही ते नाव तसंच राहू देतो.

ओव्या शोधायच्या असतील तर एक मोठा ठेवा आहे, तो ठाऊक असलेला बरा. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगावच्या सहकाऱ्यांना घेऊन महाराष्ट्रभरातून एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्या 'परी', म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया, या संकेतस्थळावर २०१७पासून येतायत, बऱ्याच ठिकाणी बायकांच्या आवाजासकट. माझ्या मुलानं त्यातल्या काही लावल्या. मुळशीकडच्या बायकांच्या ओव्या होत्या, ऐकून मला भरून आलं. आई मात्र गप्प. चाल निराळी होती. आमच्याकडं ओळ जिथं खाली येते तिथं ती वर जात होती. शब्द कळत असूनही तिचा हात फिरला नाही. म्हणून गावाच्या जितकं जवळचं मिळेल तितकं बरं. पुण्याकडच्या घरांना तिथं सोनं सापडेल.

सकाळ अशी मार्गी लागली. संध्याकाळ वेगळी होती.

दिवेलागणीला आईला घोर लागतो. उठते, पदर खोचते, दाराची कडी चाचपते. "मला घरला जायाचंय. आई वाट बघत आसंल." हे डिमेन्शियात अनेकांना होतं, ऊन उतरलं की बेचैनी वाढते. तू घरीच आहेस असं सांगणं म्हणजे तिला खोटं पाडणं, त्यानं ती जास्त चिडायची. या वेळेला ओवी चालत नव्हती. ओवी पहाटेची, संध्याकाळी तिला तिचं काही वाटायचं नाही. मग मी आठवत बसलो की या वेळी ती काय करायची. दिवा लावून झाला की विठ्ठलाच्या देवळात हरिपाठ. आमच्या पेठेतलं भजनी मंडळ अजून आहे, त्यातल्या वीणेकरी काकांना विनंती केली. ते दोघातिघांना घेऊन आठवड्यातून एकदा आमच्या ओसरीवर यायला लागले. पखवाज मुद्दाम आणायचा नाही असं ठरलं, बंद खोलीत तो आईला जड जातो. नुसते टाळ. आईच्या हातात टाळ दिले तेव्हा तिनं दोरी बोटाला गुंडाळली, बरोबर जशी गुंडाळायची तशी, आणि पहिल्याच अभंगाला लागली. काका येत नाहीत त्या दिवशी आम्ही नवरा-बायको म्हणतो. नातू आला तर तोही. पूर्ण हरिपाठ होत नाही, चार-पाच अभंग होतात, तोवर अंधार पडलेला असतो आणि घरला जायचं ती विसरलेली असते. काही दिवशी विसरत नाही. मग मी तिला हात धरून गल्लीच्या टोकापर्यंत नेतो आणि परत आणतो, टाळ तिच्याच हातात.

या सगळ्यानं आईची स्मरणशक्ती परत आली का? नाही. आली असं सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. ती अजून मला दादा म्हणते. मधे पुन्हा तपासणी झाली, गुण आणखी खाली गेले. संगीतोपचाराच्या जगभरातल्या अभ्यासांचा कॉक्रेन या संस्थेनं २०२५मध्ये पुन्हा आढावा घेतला. १५ देशांतले ३० अभ्यास, १७००हून जास्त रुग्ण. निष्कर्ष असा की उदासी थोडी कमी होते, एकूण वागण्यात फरक पडू शकतो, पण बुद्धीच्या चाचण्यांत सुधारणा दिसत नाही आणि चिडचिडीवरही खात्रीनं सांगावा असा परिणाम दिसत नाही. आमच्याकडं आंघोळीचा लढा संपला, तुमच्याकडं संपेलच असं नाही. पण उदासी कमी होणं ही मला लहान गोष्ट वाटत नाही. आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४मध्ये दाखवलं होतं की अल्झायमरच्या रुग्णांना दुःखाची किंवा आनंदाची चित्रफीत दाखवली, तर आपण काय बघितलं ते ती माणसं लवकरच विसरतात, पण ती भावना नंतरही मागं राहते. आई हरिपाठ विसरते. जेवताना मात्र ती निवांत असते, घास नाकारत नाही. मला तेवढं पुरतं.

हीच गोष्ट उलटीही होते, ते कुणी सांगत नाही. शेजारी बारसं होतं. बायकांनी पाळणा म्हटला, स्पीकरवर. आई आधी खूश झाली, मग तिच्या डोक्यात आलं की आपलं तान्हं कुठं ठेवलंय. तिची पहिली मुलगी दीड महिन्याची असताना गेली होती, माझ्या जन्माच्या आधी. रात्री उशिरापर्यंत ती पांघरुणं उलगडून बघत होती. तेव्हापासून घरात पाळणा नाही. प्रत्येकाच्या आयुष्यात असं एखादं गाणं असतं. घरातल्या सर्वात जुन्या माणसाला विचारून ते आधीच बाजूला काढावं.

आणि गणपतीतली डॉल्बी. ती आमच्या गल्लीतून गेली त्या वर्षी काचा हलत होत्या आणि आई पलंगाखाली शिरायला बघत होती. मी मंडळाच्या पोरांकडं गेलो. त्यातले निम्मे माझ्या दुकानातून एम्प्लिफायर दुरुस्त करून नेणारे. भांडलो नाही, त्यांना घरात आणून आई दाखवली. पुढच्या वर्षीपासून गल्लीच्या तोंडापासून आमचं घर ओलांडेपर्यंत फक्त झांज वाजते. पोरांना सांगितलं तर कळतं, हा माझा अनुभव. सगळीकडं कुणी जाऊन सांगत नाही.

दुकानात आता लोक पेनड्राइव्ह भरून घ्यायला येतात, वडिलांसाठी, सासूसाठी. जुनी हजार गाणी भरून द्या म्हणतात. मी हजार भरत नाही. आधी विचारतो, त्यांचं बालपण कुठं गेलं, घरात रेडिओ कधी आला, हातानं काय काम करायचे, देवळात जायचे की दर्ग्यात, तमाशाला जायचे का, शाळेत काय म्हणायला लावायचे. एका निवृत्त गुरुजींच्या मुलाला काही सुचत नव्हतं, घरात गाण्याचं वातावरणच नव्हतं म्हणाला. मी म्हटलं, पाढे म्हणून बघ. तेही चालीवरच म्हणतात. त्यानं संध्याकाळी वडिलांपुढं बेचा पाढा सुरू केला. गुरुजींनी तीस पर्यंत नेला, मग पावकी, निमकी, म्हणजे पावाचे आणि अर्ध्याचे पाढे, आणि औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढाही, जो त्या मुलाला येतच नव्हता. आता त्यांचा नातू रोज त्यांच्याकडून एक पाढा घेतो. मिरजेत सतार-तंबोरे करणाऱ्या घरातले एक आजोबा होते. त्यांच्या सुनेनं सांगितलं, गाणं लावलं तर काही नाही, पण तंबोरा छेडला की हात तारांखालच्या घोडीकडं जातो आणि बोटं दोरा शोधतात, जवारी लावायला, म्हणजे तारेचा नाद जुळवायला. आयुष्यभर त्यांनी गाणं ऐकलं नव्हतं, सूर जुळवला होता. त्यांच्यासाठी मी पेनड्राइव्ह भरलाच नाही. एक तंबोरा खोलीत ठेवा म्हटलं, सुरातून थोडा उतरवून.

थोडं आवाजाबद्दल, कारण इथं बहुतेक घरांत चुकतं. वय झालं की कान वरचे, बारीक सूर आधी सोडतात. व्हायोलिनचे वरचे सूर, झांजेची किणकिण नीट पोचत नाही, किंवा टोचते. माणसाचा मधला आवाज टिकतो. म्हणून टोचत असेल तर ट्रेबल उतरवा, मागचा वाद्यमेळ जितका कमी तितकं चांगलं. आवाज मोठा करून उपयोग नाही, स्पीकर जवळ आणि समोर आणा. मागून आवाज आला की ती माणसं दचकतात. ऐकू कमी येत असेल तर आधी कान तपासा, मळ काढून घ्या, मशीन लागत असेल तर लावा. ऐकू कमी येणं हे डिमेन्शियाचा धोका वाढवणाऱ्या कारणांत धरतात, आणि आपण ते पुढं ढकलत राहतो. परदेशात हेडफोन लावून गाणी ऐकवतात, काहींना ते फार मानवतं. आईनं ते दोनदा काढून फेकले, तिला डोक्याला काहीतरी बांधल्यासारखं वाटलं. टीव्ही बंद हवा, कुकर चालू नको. युट्यूबवर लावत असाल तर गाण्याच्या मधे जाहिरात येते, ती अचानक ओरडते, त्यापेक्षा गाणं उतरवून घ्या. दिवसभर लावून ठेवू नका, पंधरा-वीस मिनिटं पुष्कळ झाली. आणि लावून निघून जाऊ नका. कपाळ, बोटं, पावलं बघा. कपाळाला आठी पडली की बंद.

मावशींना मी दर महिन्याला थोडे जास्त पैसे देतो आणि ते ओव्यांचे म्हणून देतो. त्या नको म्हणत होत्या. मी त्यांना सांगितलं, शहरात हे काम करणाऱ्याला फी असते. घरोघरी म्हाताऱ्यांना सांभाळणाऱ्या अशा बायकांना काय काय येतं, हे आपण कधी विचारतच नाही. स्वयंपाक येतो का, रात्री राहाल का, एवढंच विचारतो. पुढच्या वेळी कुणाला कामाला लावाल तेव्हा हेही विचारा.

आई आता चौऱ्याऐंशीची आहे. गेल्या पावसाळ्यापासून तिला पूर्ण ओळ येत नाही. शेवटचा शब्द येतो, कधी नुसता त्याचा सूर. मावशी आता जास्त थांबतात, आणि मीही रेकॉर्डिंगमधल्या जागा वाढवल्यात. हात अजून फिरतो.

एक विनंती आहे. १९८०-९०च्या काळात घरोघरी टेपरेकॉर्डर आले तेव्हा पुष्कळांनी हौसेनं घरातल्यांचे आवाज भरून ठेवलेत. आजीच्या ओव्या, लग्नातली गाणी, भोंडला, गावचं भजन. त्या कॅसेट माळ्यावर पडल्यात. टाकू नका. पट्टीवर पांढरी बुरशी दिसली तर टेपमध्ये घालून वाजवायला जाऊ नका, हेड खराब होतं आणि पट्टी तुटते. ऊन दाखवू नका, कोरड्या डब्यात ठेवा. पट्टी तुटली असली तरी जोडता येते, कव्हर फुटलं असेल तर दुसऱ्यात बसवता येते. कॅसेट जुनी यंत्रं राखून असलेल्या एखाद्या कारागिराकडं न्या. तासगाव-विट्याच्या बाजूचे असाल तर माझ्याकडं आणा, घरातल्या आजारी माणसासाठी असेल तर मी पैसे घेत नाही. कॅसेटवर कुणाचा आवाज आहे, कोणत्या गावचा, तेवढं चिठ्ठीवर लिहून आणा.